फाइल उघडायला बरोब्बर ४५ सेकंद, आणि उघडल्यावर नोडवर कालचाच डेटा: लीज आणि पिन मेमरीचा गुंता

हा प्रॉब्लेम आमच्याकडे चार महिन्यांत पाच वेळा आला. दर वेळी कोणीतरी सर्व्हिस रीस्टार्ट करायचं, चालू झालं की तिकीट बंद, आणि तीन आठवड्यांनी पुन्हा तेच. पाचव्या वेळी माझी रात्रपाळी होती म्हणून नाइलाजाने मुळापर्यंत गेलो. तुम्ही आरडीएमए कार्ड (दुसऱ्या मशीनला नेटवर्कवरून थेट आपल्या मेमरीतून वाचू देणारं कार्ड) वापरत नसाल तरी पहिला अर्धा भाग उपयोगी पडेल. (कमांड आणि फाइलींची नावं इथे देवनागरीत लिहिलीत, टर्मिनलमध्ये टाकताना अर्थातच मूळ स्पेलिंग.)

सेटअप साधा आहे. एक लिनक्स स्टोरेज मशीन, त्यावर ईएक्सटी४ मध्ये मोठमोठ्या डेटा फाइली, आणि एक घरीच लिहिलेला कॅशे डीमन (मागे सतत चालू राहणारा प्रोग्राम). लिहिणारा माणूस केव्हाच नोकरी सोडून गेलाय, कोड मात्र आमच्या गळ्यात. हा डीमन प्रत्येक फाइल लिहा-वाचा मोडमध्ये उघडतो, तिच्यावर राइट लीज घेतो, फाइल एमॅप करतो (म्हणजे ती मेमरीच्या पत्त्यांवर मांडतो) आणि ती मेमरी आरडीएमए कार्डाकडे रजिस्टर करतो; रजिस्टर केलं की मेमरीची ती पानं जागेवर खिळतात, यालाच पिन म्हणतात. मग शेजारचे कम्प्युट नोड या मशीनच्या सीपीयूला हातही न लावता थेट त्या मेमरीतून वाचतात. लीज कशासाठी, तर दुसरं कोणी फाइलला हात लावायला आलं की कर्नलने आधी डीमनला सांगावं, म्हणजे तो आवराआवर करून फाइल सोडेल. कल्पना चांगलीच आहे.

लक्षणं अशी. रात्री दोन वाजता इन्जेस्ट स्क्रिप्ट (नवा डेटा आत घेणारी) बारा फाइली एकदम नव्याने लिहिते. त्यातल्या आठ-नऊ झटकन होतात आणि तीन-चार अडकतात, एरर नाही, लॉगमध्ये काही नाही, नुसती थांबतात, आणि ४५ सेकंदांनी आपोआप पुढे जातात. सकाळी ओरड सुरू, की नोडवर डेटा जुना येतोय. सर्व्हरवर फाइल बघावी तर नवी, चेकसम बरोबर. आणि जुना डेटा येतो तो नेमक्या त्याच तीन-चार फाइलींचा ज्या रात्री अडकल्या होत्या! हा मेळ लक्षात यायला आम्हाला पाच वेळा लागल्या, कारण रात्री अडकलेलं बघणारा वेगळा आणि सकाळी शिव्या खाणारा वेगळा.

आधी सगळ्यांनी डिस्कवर संशय घेतला. पण पीएस मारून बघितलं तर अडकलेली प्रोसेस 'एस' मध्ये होती, 'डी' मध्ये नाही. डिस्कची वाट बघणारी प्रोसेस बहुतेक वेळा 'डी' मध्ये जाते आणि कंट्रोल-सीला दाद देत नाही, ही मात्र कंट्रोल-सीने निमूट मरत होती. मग /प्रॉक/पीआयडी/स्टॅक उघडलं (रूट लागतो), वरच ब्रेक_लीज नावाचं फंक्शन दिसलं. इथे कोडं अर्धं सुटलं, कारण ४५ हा आकडा लिनक्समध्ये दगडावर कोरल्यासारखा एका जागी आहे: /प्रॉक/सिस/एफएस/लीज-ब्रेक-टाइम, डिफॉल्ट ४५ सेकंद. कुठलीही फाइल उघडायला बरोब्बर पाऊण मिनिट लागत असेल तर पहिला संशय लीजवरच घ्या.

लीज कोणी धरलीय ते /प्रॉक/लॉक्स मध्ये दिसतं. आमच्याकडे चांगल्या फाइलींच्या ओळीत 'लीज, अ‍ॅक्टिव्ह, राइट' असं होतं आणि अडकलेल्या तिघींसमोर 'लीज, ब्रेकिंग, अनलॉक', पुढे धरणाऱ्याचा पीआयडी, डिव्हाइस नंबर आणि आयनोड (फाइल सिस्टिममधला फाइलचा क्रमांक). फाइलचं नाव तिथे नसतं, आयनोड घेऊन फाइंडच्या आयनम पर्यायाने शोधावं लागतं. आणखी एक छोटी युक्ती: डीडी कमांडला आयफ्लॅगमध्ये नॉनब्लॉक देऊन फाइल उघडून बघा. लीज आड येत असेल तर ४५ सेकंद न थांबता लगेच 'रिसोर्स टेम्पररिली अनअव्हेलेबल' मिळतं. फक्त लक्षात ठेवा, अशा नुसत्या डोकावण्यानेही लीज मोडायची प्रक्रिया सुरू होतेच, त्यामुळे चालू सिस्टिमवर गंमत म्हणून करू नका. राइट लीज असेल तर नुसतं हेड मारून दोन ओळी वाचायला गेलात तरी तेच होतं, राइट लीजला दुसऱ्या कोणाचं वाचणंही चालत नाही.

आता डीमन लीज सोडत का नव्हता? कर्नलने सिग्नल पाठवला नाही का? पाठवला होता. पण डिफॉल्टने जातो तो सिगआयओ, आणि सिगआयओ हा जुन्या पद्धतीचा सिग्नल, त्याची रांग लागत नाही. एक पेंडिंग असताना आणखी तीन आले तरी डीमनला एकदाच दार वाजल्यासारखं वाटतं. वर त्यात कुठल्या फाइलसाठी आलोय हेही कळत नाही. मूळ लेखकाला हे अर्धवट माहीत असावं, कारण त्याने सिग्नल आल्यावर सगळ्या फाइलींवर फिरून एफ_गेटलीज विचारायचा लूप लिहिला होता (लीज मोडली जात असेल तर एफ_गेटलीज ती कुठवर उतरवायचीय ते सांगतं), आणि मोडली जाणारी पहिली फाइल सापडली की ती सोडून, त्याच्या खाली एक ओळ: ब्रेक. म्हणजे एक सापडली की लूपमधून बाहेर, दुसरीसाठी दुसरा सिग्नल येईलच या भरवशावर. दुसरा सिग्नल पहिल्यातच मिसळून गेला होता. बारा फाइली एकामागून एक उघडल्या असत्या तर हे कधीच दिसलं नसतं, एकदम उघडल्या म्हणून दर वेळी तीन-चार बळी.

शेजारी बसलेला पोरगा म्हणाला, "दादा, मग ते ४५ चं शून्य करून टाकू ना, वाटच बघायला नको." तुम्हालाही हे सुचेल म्हणून सांगतो, करू नका. कर्नल त्या शून्याचा अर्थ 'लगेच मोड' असा घेत नाही, 'मुदतच नाही' असा घेतो. म्हणजे उघडणारा कायमचा लटकला. कमी करायचं तर ५ करा, १० करा. आणि तेही मलमपट्टीच आहे, कारण जुन्या डेटाचं दुखणं त्याने उलट वाढतं. का ते आता.

इथे लीज आणि पिन यातला फरक बघायला लागेल. लीज म्हणजे अकरा महिन्यांचा करार. मालकाला जागा हवी झाली की नोटीस येते, मुदत मिळते, मुदतीत तुम्ही निघाला नाहीत तर सामान बाहेर. ही मुदत म्हणजे ते ४५ सेकंद. संपली की कर्नल लीज स्वतःच मोडतो, आणि मोडल्यावर 'मोडली बरं का' असा दुसरा सिग्नलसुद्धा पाठवत नाही. पिन म्हणजे पागडीचा भाडेकरू. आरडीएमए कार्डाला मेमरीचा फिजिकल पत्ता दिलेला असतो, कार्ड तिथून केव्हाही वाचेल, त्यामुळे ते पान हलवता येत नाही, स्वॅप करता येत नाही, परत घेता येत नाही. कर्नलकडे पिन जबरदस्तीने सोडवायचा उपाय नाही, ज्याने धरली त्यानेच सोडायची. (एमलॉक वेगळं हं. एमलॉक केलेलं पान रॅममध्ये राहील एवढीच हमी, रॅममधल्या रॅममध्ये कर्नल त्याला हलवू शकतो. पिनला तेवढीही मुभा नाही.)

डीमन लिहिणाऱ्याची समजूत अशी की लीज हातात आहे तोवर पिन सुरक्षित. आणि ती समजूत ४५ सेकंदच खरी असते. पुढे काय होतं बघा: सिग्नल हरवला, मुदत संपली, कर्नलने लीज मोडली, स्क्रिप्टने फाइल ट्रंकेट करून (म्हणजे आधी पूर्ण रिकामी करून) नवा डेटा लिहिला. ट्रंकेट झाल्यावर जुनी पानं पेज कॅशेतून (कर्नल फाइलींचा डेटा रॅममध्ये ठेवतो ती जागा) निघाली, नवी आली. पण जुनी पानं पिन आहेत ना, ती मोकळी होत नाहीत, फाइलशी संबंध तुटलेली अनाथ पानं म्हणून रॅममध्ये तशीच पडून राहतात, आतला कालचा डेटा जसाच्या तसा. कार्डाकडे पत्ता त्याच पानांचा. डीमनला वाटतंय लीज आपल्याकडेच आहे. नोड वाचतोय कालचं. सर्व्हरवर फाइल उघडणाऱ्याला मिळतात नवी पानं, म्हणून चेकसम बरोबर. सगळे आपापल्या जागी खरं बोलतायत.

आमच्या टेस्टमध्ये हे कधी का पकडलं गेलं नाही तेही कळलं. टेस्ट स्क्रिप्ट फाइल ट्रंकेट न करता जागच्या जागी लिहायची. तसं केलं की पेज कॅशेतली तीच पानं बदलतात, आणि पिनही त्याच पानांवर, त्यामुळे नोडला नवा डेटा दिसतो आणि टेस्ट हिरवी. खरी स्क्रिप्ट ट्रंकेट करायची.

तुमच्याकडे हेच आहे का ते तपासायचं असेल तर /प्रॉक/पीआयडी/स्टेटस मध्ये व्हीएमपिन बघा, किती केबी धरलंय ते कळतं. आमच्या डीमनचा व्हीएमपिन ट्रंकेटनंतर एक केबीनेही उतरला नव्हता, आरएसएस (प्रोसेसच्या मॅपिंगमधली प्रत्यक्ष रॅममध्ये असलेली मेमरी) मात्र धपकन पडला होता, कारण ट्रंकेटने मॅपिंग काढून घेतलं. मेमरीचा हिशेब लागत नाही, 'फ्री' कमांडमध्ये वापरलेली दिसते पण 'टॉप' कमांडमध्ये कोणाच्याच नावावर नाही, अशा वेळी हा कोपरा नक्की बघा. सगळ्या मशीनचा अंदाज हवा असेल तर /प्रॉक/व्हीएमस्टॅट मध्ये एनआर_फॉल_पिन_अक्वायर्ड आणि एनआर_फॉल_पिन_रिलीज्ड असे दोन आकडे असतात, त्यांची वजाबाकी करा. थोड्या थोड्या वेळाने तीन-चारदा करा, कारण डायरेक्ट आयओसारख्या क्षणभराच्या पिनाही त्यातच मोजल्या जातात.

दुरुस्ती दोन टप्प्यांत केली.

पहिला टप्पा त्याच रात्री: लूपमधला तो ब्रेक काढला आणि सिगआयओच्या जागी एफ_सेटसिगने रिअल-टाइम सिग्नल लावला, हँडलर एसए_सिगइन्फो घेऊन. रिअल-टाइम सिग्नलची रांग लागते आणि सोबत फाइल डिस्क्रिप्टरचा नंबर येतो, म्हणजे कोणासाठी दार वाजलं ते कळतं. सिगआयओचा हँडलर मात्र ठेवलाच, कारण रिअल-टाइम सिग्नलची रांग भरली तर कर्नल पुन्हा साध्या सिगआयओवर येतो. तो आला की सरळ सगळ्या फाइलींची झडती. त्यात एक राहिलं होतं जे दुसऱ्या दिवशी कळलं: लीज ही ओपन फाइल डिस्क्रिप्शनला (उघडलेल्या फाइलची कर्नलमधली नोंद) चिकटलेली असते, प्रोसेसला नाही. आमचा डीमन मधेच एक कॉम्प्रेशनची प्रोसेस फोर्क करायचा, तिच्याकडे सगळे डिस्क्रिप्टर वारशात जायचे, आणि डीमनने नुसतं क्लोज केलं तरी लीज जिवंत, कारण त्या फोर्क केलेल्या प्रोसेसने धरलंय. क्लोजवर विसंबू नका, एफ_अनलॉक स्वतः सांगा, आणि डिस्क्रिप्टर उघडतानाच क्लोज-ऑन-एक्झेक लावा.

आणि सोडण्याचा क्रम. हा चुकला तर वरचं सगळं करून फुकट. आधी नोडना सांगायचं की या मेमरीतून वाचणं थांबवा, मग रजिस्ट्रेशन काढायचं म्हणजे पिन सुटेल, मग अनमॅप, आणि सगळ्यात शेवटी लीज. जुन्या कोडमध्ये लीज आधी सुटायची आणि रजिस्ट्रेशन 'सवडीने' निघायचं, त्या सवडीत फाइल ट्रंकेट झाली की पुन्हा अनाथ पानं. आणि हे सगळं लीज-ब्रेक-टाइमच्या आत उरकायला हवं. म्हणूनच वर म्हटलं की तो आकडा ५ वर आणणं धोक्याचं आहे, एखादा नोड उत्तर द्यायला सहा सेकंद लावेल आणि तेवढ्यात कर्नल तुमचं सामान बाहेर काढेल.

हे झाल्यावर तीन आठवडे शांततेत गेले. मग मशीनचा कर्नल अपग्रेड झाला, ५.१५ वरून ६.८ वर, आणि डीमन उठेचना. रजिस्टर करायला गेलं की 'बॅड अ‍ॅड्रेस'. पत्ता बरोबर, फाइल बरोबर, परमिशन बरोबर. मी अर्धा दिवस आमच्याच नव्या कोडला दोष देत बसलो होतो.

झालंय असं की ६.५ पासून कर्नलने हे दारच बंद केलंय. ईएक्सटी४, एक्सएफएस यांसारख्या फाइल सिस्टिमवरची फाइल शेअर्ड मॅप करून तिच्यावर लिहिण्यासाठी दीर्घ मुदतीची पिन मागितली की सरळ नकार. लोरेन्झो स्टोक्स यांचा २०२३ चा पॅच आहे तो. आणि कारण योग्य आहे, मला तरी पटलं. फाइल सिस्टिम डर्टी पान (बदललेलं पण अजून डिस्कवर न गेलेलं) डिस्कवर लिहून झालं की ते स्वच्छ म्हणून नोंदवते आणि पेज टेबलमध्ये राइट-प्रोटेक्ट करते, पुन्हा कोणी लिहायला गेलं की फॉल्ट होतो आणि फाइल सिस्टिमला खबर लागते. पण कार्ड पेज टेबलमधून जातच नाही, त्याच्याकडे थेट पत्ता. ते मागच्या दाराने लिहून जातं, फाइल सिस्टिमला वाटतं पान स्वच्छ आहे, आणि नंतर तेच पान अचानक डर्टी सापडलं की ती गोंधळते, यातून कर्नल क्रॅशसुद्धा झालेत. आम्ही कार्डाला लिहायला सांगत नव्हतो, पण रजिस्टर करताना लोकल राइटची परवानगी मागितली होती, सवयीने. तेवढं पुरलं.

ज्यांच्याकडे पर्सिस्टंट मेमरी डॅक्स मोडमध्ये (पेज कॅशे मधे न घेता फाइल थेट वापरायचा मोड) आहे त्यांना हा नकार बराच आधीपासून माहीत असेल. तिथे तर फाइलचं पान म्हणजेच स्टोरेजचा ब्लॉक, अनाथ पान वगैरे प्रकारच नाही, ट्रंकेट होऊन तोच ब्लॉक दुसऱ्या फाइलला दिला गेला तर कार्ड दुसऱ्याच्या फाइलमध्ये लिहील. म्हणून तिथे दीर्घ पिन मिळतच नाही. यावर तोडगा म्हणून २०१९ मध्ये इंटेलच्या आयरा वायनी यांनी असा प्रस्ताव आणला होता की आधी फाइलवर खास लेआउट लीज घ्यावी आणि तिच्या जोरावर पिन मिळावी, म्हणजे करारावर पागडी. पॅचच्या फेऱ्या झाल्या, पण मुख्य कर्नलमध्ये ते आलं नाही. त्याच सुमारास जॉन हबर्ड यांचं पिन_यूजर_पेजेस मात्र आलं, २०२० च्या ५.६ मध्ये, आणि ५.७ पासून निदान पिन केलेलं पान आणि नुसता रेफरन्स घेतलेलं पान यातला फरक कर्नलला कळायला लागला. आमचा डीमन २०१९ च्या त्या चर्चेतला प्रश्न आपल्या परीने सोडवायला गेला होता, कर्नलची साथ न घेता.

तर दुसरा टप्पा: फाइलचं मॅपिंग पिन करणंच बंद केलं. डीमन आता मोठ्या पानांची अनामिक मेमरी (कुठल्याही फाइलशी न जोडलेली) घेतो, ती एकदाच रजिस्टर करतो, आणि फाइल तिच्यात वाचून घेतो. अनामिक मेमरी, आणि टीएमपीएफएस व ह्यूजटीएलबी (रॅममध्येच राहणाऱ्या फाइली) यांना ६.५ ची बंदी लागू नाही. तोटा उघड आहे, एक कॉपी जास्त, आणि सुरुवातीला सगळ्या फाइली वाचायला आमच्याकडे साधारण सहा मिनिटं जातात. चालतं. इन्जेस्ट स्क्रिप्टही बदलली, ती आता वेगळ्या नावाने नवी फाइल लिहून, एफसिंक करून, शेवटी रीनेम करते. इथे एक खाच आहे: रीनेमने साधी लीज मोडत नाही आणि धरणाऱ्याला सिग्नलही जात नाही, कारण जुन्या आयनोडला कोणी हातच लावलेला नसतो. म्हणजे ४५ सेकंदांचा अडथळा गेला पण खबरही गेली. ती खबर आता आयनोटिफायने (डिरेक्टरीतले बदल कळवणारी कर्नलची सोय) घेतो, डिरेक्टरीवर 'मूव्ह्ड-टू' ची घटना आली की नवी फाइल दुसऱ्या बफरमध्ये वाचायची आणि नोडना नवा पत्ता द्यायचा. लीजचा सगळा कोड डिलीट केला, ज्यासाठी आदल्या महिन्यात मी रात्र जागवली होती तो धरून.

शेवटची एक गोष्ट, कारण ती रीबूटनंतर हमखास येते आणि वरच्या प्रकाराशी लोक तिची गल्लत करतात. रजिस्टर करताना 'बॅड अ‍ॅड्रेस' नाही तर 'कॅनॉट अलोकेट मेमरी' येत असेल आणि फ्रीमध्ये शेकडो जीबी मोकळे दिसत असतील, तर ती मेमलॉक लिमिट (प्रोसेसने किती मेमरी रॅममध्ये अडकवून ठेवावी याची मर्यादा) आहे. डिफॉल्ट पूर्वी ६४ केबी होतं, ५.१६ पासून ८ एमबी, दोन्ही आपल्या कामाला हास्यास्पद. रूट म्हणून हाताने चालवलं की चालतं कारण रूटला ही लिमिट लागत नाही, लॉगिन करून त्याच यूजरने चालवलं तरी चालतं कारण लिमिट्स.कॉन्फमध्ये कोणीतरी अनलिमिटेड लिहून ठेवलेलं असतं, आणि बूट झाल्यावर सिस्टिमडीने उठवलं की पडतं, कारण ती फाइल पॅममधून (लॉगिन सांभाळणारी यंत्रणा) लॉगिनला लागू होते, सिस्टिमडीच्या सर्व्हिस तिच्याकडे बघतही नाहीत. सर्व्हिसच्या ओव्हरराइडमध्ये लिमिटमेमलॉक इन्फिनिटी लिहा, डीमन-रीलोड करा, रीस्टार्ट करा, आणि युलिमिटवर विश्वास न ठेवता चालू प्रोसेसच्या /प्रॉक/पीआयडी/लिमिट्स मध्ये 'मॅक्स लॉक्ड मेमरी' ची ओळ स्वतः वाचा. आमच्याकडे ती ओळ अजून ८३८८६०८ दाखवत होती, कारण ओव्हरराइडच्या फाइलमध्ये सर्व्हिस या सेक्शनचं नाव टाकायचं राहिलं होतं.